रोशनीच्या अंबाड्याचा वर्ग

रोशनी भोयेच्या पार्लरमध्ये मी पहिल्यांदा गेले, ती कुणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करून. आमच्या शेखरचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि होणाऱ्या सूनबाईंच्या माहेरच्यांनी हट्ट धरला होता की विहीणबाईंचे केससुद्धा पार्लरवालीकडूनच बांधून घ्यायचे. पेठ नाक्याजवळ पिठाच्या गिरणीच्या वरती, अरुंद जिना चढून गेलं की एक खोली. आत एक फिरती खुर्ची, भिंतभर आरसा, आणि आरशाच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं तिथीवारांचं कॅलेंडर. ते कॅलेंडर दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"काकू, आज मंगळवार. चालतं ना तुम्हाला?" आतल्या बारक्या, सावळ्या बाईनं विचारलं.

"कापायचे नाहीत गं. नुसता अंबाडा कसा दिसतो ते बघायचंय."

"मग सगळे वार आपलेच," ती म्हणाली आणि खुर्चीवरचा टॉवेल झटकला.

लग्नाच्या दिवशी तिनं पाच पिनांत अंबाडा घातला. पाचच! आमच्या जाऊबाईंच्या डोक्यात दुसऱ्या कुणीतरी तीस-बत्तीस खोचल्या होत्या आणि अक्षता पडेपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागलं होतं. मला वरातीत पोरांनी ओढून नाचायला लावलं तरी माझा एक केस हलला नाही. त्या दिवसाच्या वहीत मी मुहूर्त, पंगतीतले पदार्थ, आहेर असं सगळं लिहिलं आणि खाली एक ओळ लिहिली, "भोयेबाईंचा हात देवानं सावकाश बसून घडवलेला दिसतो."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी डोक्याला तेल लावून घ्यायला मी तिच्याकडे जाऊ लागले. तेल लावता लावता ती बोलायची. तिची हकिकत मला अशीच, बोटाबोटानं कळली.

सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळ तिचा पाडा. भात कापून झालं की आई-वडील गाठोडी बांधून जीपनं खाली उतरायचे, सायखेड्याकडे द्राक्षबागांच्या कामाला. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला आश्रमशाळेत ठेवली. तिथे साठ मुली, आणि नियम असा की दोन वेण्या, लाल रिबिनी, त्याशिवाय प्रार्थनेला उभं राहायचं नाही. लहान पोरींना वेणी घालता यायची नाही. रडारड व्हायची. पाचवीतल्या रोशनीनं काय केलं, तर सगळ्यांना पायऱ्यांवर एकीच्या खाली एक बसवलं. प्रत्येकीनं पुढचीची वेणी घालायची. जिला येत नाही तिनं आपल्या डोक्यात काय चाललंय ते ओळखायचं आणि तसंच पुढचीच्या डोक्यात करायचं. सगळ्यात वरच्या पायरीवर रोशनी.

"आणि तुझी कोण घालायचं?" मी विचारलं होतं.

"माझी माझीच. म्हणून ती नेहमी वाकडी असायची," ती हसून म्हणाली.

दहावीनंतर लग्न झालं. नवरा दत्तू जीप चालवतो, स्वभावानं गरीब. नाशकात आल्यावर कॉलेज रोडच्या एका मोठ्या पार्लरमध्ये ती केर काढायला लागली. कापलेले केस झाडता झाडता बघायची. दोन वर्षं नुसतं बघितलं. एकदा दोन मुली अचानक रजेवर गेल्या आणि मालकीणबाईंनी वैतागून कात्री हिच्या हातात दिली. पुढे सात वर्षं ती कात्री तिथेच चालली, आणि मग पेठ नाक्यावरची ही खोली. या खोलीला चौदा वर्षं झाली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तेलाला गेले तर तिच्या बोटांना भेगा. नखांच्या कडेनं कातडी लाल होऊन सोलवटलेली. तेल लावताना तिचाच हात आखडत होता.

"काय गं हे?"

"रंगाचं झालंय काकू." म्हणजे केसांना लावायच्या रंगाची तिला ॲलर्जी झाली होती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, रंग सोड, शाम्पूचं पाणीही कमी कर. हातमोजे घालून बघितले, तर आत घाम येऊन जास्तच. आता रंग न करणारं पार्लर म्हणजे भाजी न विकणारी भाजीवाली. बायका यायच्या, "रंग नाही होत का?" म्हणायच्या आणि जिना उतरून जायच्या. दत्तू म्हणायचा, बंद कर, घरी बस. तिला घरी बसायचं नव्हतं. "काकू, मला दुसरं काही येतच नाही हो," ती म्हणाली. मला त्या रात्री जपात लक्ष लागेना.

पण देव एक दार लोटतो तेव्हा दुसऱ्याची कडी काढतो म्हणतात. मखमलाबाद रोडला एका संस्थेचा मुलींसाठी पार्लरचा वर्षाचा कोर्स चालतो. तिथल्या शिक्षिका पुण्याला गेल्या. तिथल्या प्रमुख देवरे मॅडम रोशनीच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी तिला बोलावलं, एक महिना शिकवून बघा म्हणाल्या. शिकवायचं तर रंगात हात घालायला नको. मुली करतील, हिनं सांगायचं. रोशनी पेढे घेऊन आली. मी त्यातला एक आधी देवापुढे ठेवला.

आणि आठवड्यात ती परत आली. पार्लर सोडून माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी खाली बसली.

"काकू, मला जमत नाही. मला काढून टाकणार."

झालं होतं असं. वर्गात बारा मुली बाकांवर. त्यांच्याकडे तोंड करून रोशनी उभी, पुढ्यात खुर्चीवर एका मुलीला बसवलेलं. नऊवारीवरचा अंबाडा शिकवायचा होता. त्यात डाव्या बाजूला भांग पाडून केसांना पीळ देत देत उजवीकडे आणायचे आणि टोक उजव्या कानामागे खोचायचं. उजवीकडेच का, तर पदर डाव्या खांद्यावर असतो. टोक आणि गजरा डावीकडे आला की पदराची पिन त्यात अडकते आणि नवरीनं मान वळवली की अख्खा अंबाडा सुटतो. रोशनीनं अंबाडा घातला, सुंदर घातला. मग मुलींनी एकमेकींच्या डोक्यावर घातला. बारातल्या अकरा मुलींचा पीळ डावीकडे!

"मी म्हटलं, अगं उजवीकडे न्यायचा! तर त्या म्हणतात, मॅडम, कुणाच्या उजवीकडे? मी हात वर करून म्हटलं, या उजवीकडे. तर त्या म्हणतात, ती तर आमची डावी बाजू आहे. मग मीच गोंधळले. माझी डावी कुठली, खुर्चीवरचीची कुठली, काही कळेना. तोंडच बंद झालं."

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, रोशनीताई, तुमच्या हातात कला आहे, पण शिक्षकाला बोलता यायला लागतं. पुढच्या मंगळवारी संस्थेचे सचिव वर्गावर बसणार. त्यांच्यासमोर हाच अंबाडा नीट शिकवून दाखवा. नाहीतर दुसऱ्या बाईंचा अर्ज आलाय, डिप्लोमावाल्यांचा."

मंगळवार म्हणजे भाद्रपद वद्य सप्तमी, ऐन पितृपक्ष. त्या पंधरवड्यात केसाला कात्री लावायला कुणी तयार होत नाही, म्हणूनच अंबाड्याचा धडा नेमला होता. पण नवरीचा अंबाडा पितृपक्षात घालून घ्यायलाही मुलींच्या आया कुरकुरत होत्या. सचिवांपुढे खुर्चीवर कोण बसणार?

"मी बसते," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही? पंधरवड्यात?"

"गजरा नको माळूस म्हणजे झालं. आणि आमच्या सासूबाईंचं श्राद्ध परवाच झालं. त्या समजून घेतील. त्यांनाही वाकडा अंबाडा खपायचा नाही."

मग मी तिची तयारी घ्यायला बसले. माझ्या मनानं घेतलं की बाई अडखळते ती पाठांतर नसल्यामुळे. लहानपणापासून मला सगळं पाठांतरानंच तारलंय, स्तोत्रं काय आणि पाढे काय. मी वहीच्या मागच्या पानांवर अख्खा धडा लिहून काढला. "विद्यार्थिनींनो, प्रथमतः केस स्वच्छ विंचरून घ्यावेत. तदनंतर डाव्या भुवईच्या मध्यापासून भांग पाडावा." असा दोन पानं. रोशनी रोज दुपारी यायची आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणायची. चौथ्या दिवशी तिला सगळं पाठ झालं, पण चाल लागली रामरक्षेची. आमचे हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "अगं, आता शेवटी तीर्थप्रसाद वाटा!"

"तुम्ही पेपर वाचा हो," मी म्हटलं. पण मनातून मलाही काही ते खरं वाटत नव्हतं. तीच बाई मला तेल लावताना किती छान बोलते, आणि माझ्यासमोर उभी राहिली की डोळे जमिनीवर. मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे बघून बोल." तर म्हणाली, "काकू, मला समोरून माणसाशी बोलायची सवयच नाही. वीस वर्षं मी गिऱ्हाइकाच्या मागे उभी. जे काही बोलले ते आरशात बघून."

हे तिनं सांगितलं, मी ऐकलं, आणि तरीही आम्ही दोघी पुन्हा 'प्रथमतः' पासून सुरू झालो. अक्कल काही त्या दिवशी आमच्या वाटेला आली नाही.

मंगळवारी सकाळी मी देवाला नमस्कार केला आणि न्हालेले केस मोकळे सोडून रिक्षात बसले. साठीच्या बाईनं मोकळे केस सोडून मखमलाबाद रोडनं जाणं म्हणजे काय, ते मलाच माहीत. वर्ग लांबट होता. एका भिंतीला मोठा आरसा, पण त्याच्या समोरच्या बाजूला बाक, आणि आरशाकडे पाठ करून शिकवायची पद्धत. बाकांवर बारा मुली, कडेला दोन खुर्च्यांवर देवरे मॅडम आणि सचिव जयरामभाऊ. जयरामभाऊंच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

मला मुलींकडे तोंड करून बसवलं. रोशनी माझ्या मागे.

"विद्यार्थिनींनो," ती म्हणाली, "प्रथमतः केस स्वच्छ विंचरून घ्यावेत. तदनंतर..."

तदनंतर काही नाही. मी ओठातल्या ओठात "डाव्या भुवईच्या" म्हणत होते, पण ती मागे, तिला माझे ओठ कसे दिसणार? मागच्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली. देवरे मॅडमनी चष्मा काढला आणि पुसला. बाई चष्मा पुसायला लागल्या की समजावं, निर्णय झालाय.

आता रोशनीनं जे केलं ते काही ठरवून केलं नाही. माणूस घाबरला की सवयीच्या जागी जातो, तशी ती गेली. तिनं माझी फिरती खुर्ची धरली आणि सरळ आरशाकडे वळवली. आता आमच्या दोघींची पाठ वर्गाकडे आणि समोर आरसा. तिनं आरशात माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, घाल गं.

"काकू, मान जरा खाली. हां. आता बघा, तुमचा केस पातळ आहे ना, म्हणून मी मुळाशी थोडा उलटा विंचरते, म्हणजे जीव येतो त्यात," ती म्हणाली. तो तिचा खरा आवाज होता, तेल लावतानाचा. मग आरशातच तिची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली आणि एका मुलीवर थांबली. "निकिता, दिसतंय का गं? नाही? मग पुढे ये. सगळ्याच या. बाकावर बसून कधी अंबाडा आलाय का कुणाला?"

मुली उठल्या आणि तिच्या मागे दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. आरशात सगळे चेहरे दिसायला लागले, बारा मुली, रोशनी आणि मध्ये मी.

"आता माझा डावा हात बघा. कंगवा डाव्या भुवईवर. तुम्ही पण हात वर करा. नुसता हवेत करा."

बारा हात वर झाले.

"रोशनीताई," देवरे मॅडम म्हणाल्या, "वर्गाकडे पाठ करून शिकवत नाहीत. इकडे तोंड करा."

रोशनीचा हात थांबला. "हो मॅडम," म्हणून ती वळली. वळल्याबरोबर पुन्हा तेच, डोळे खाली आणि आवाज बसलेला. "तर... डावीकडून... म्हणजे तुमच्या..."

"मॅडम!" निकिता मोठ्यानं म्हणाली. सायखेड्याची शेतकऱ्याची पोर, बोलायला धीट. तिनं रोशनीला नाही, देवरे मॅडमनाच गाठलं. "मॅडम, बाईंना आरशातच बघू द्या ना. त्या आमच्याकडं बघून शिकवत्यात तेव्हा सगळं उलटं होतं. आता त्यांचा डावा हात तिथं माझा डावा हात. मागच्या टायमाला मी इतकी घोटाळले ना, घरी जाऊन आईचा भांग पण उलटा पाडला. आई म्हणे, हेच शिकायला फी भरली का?"

मुली हसल्या. जयरामभाऊही हसले. देवरे मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधी मुलींकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग स्वतःचे दोन्ही हात थोडे उचलून पाहिले, एक डावा, एक उजवा. मग त्या उठल्या, आपली खुर्ची उचलली, मुलींच्या मागे नेऊन ठेवली आणि आरशाकडे तोंड करून बसल्या.

"पहिल्यापासून घ्या," त्या म्हणाल्या. "मलाही बघू दे."

रोशनीनं माझा अर्धवट पाडलेला भांग मोडला आणि पहिल्यापासून घेतलं. आता ती थांबेना. केस कोरडा असेल तर काय करायचं, नवरी रडून रडून मान हलवत असेल तर कुठे धरायचं, पिन केसात नाही तर पिळात कशी खोचायची, सगळं सांगत गेली. एक मुलगी चुकली की आरशातूनच तिला पकडायची. "पूजा, तो पीळ आहे, कणीक नाही. हलक्या हातानं." पुन्हा सोडला, पुन्हा घातला. तीनदा माझा अंबाडा झाला. माझी मान अवघडली, पण मी हूं की चूं केलं नाही.

मग मुलींनी, आया काय म्हणतील ते विसरून, एकमेकींच्या डोक्यावर घातला. देवरे मॅडम एकेकीच्या मागे जाऊन बघू लागल्या. रोशनी भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात लपवून. कुणाचा सैल, कुणाचा तिरपा, एकीचा तर खालीच घसरलेला. पण सगळ्यांचं टोक उजव्या कानामागे. बाराच्या बारा.

"मला यातलं काही कळत नाही," जयरामभाऊ आपल्या टकलावरून हात फिरवत म्हणाले. "शिकायला जागाच नाही. पण मागच्या वेळी अकरा चुकले होते ना, मॅडम? आणि आज एकही नाही?"

"एकही नाही," देवरे मॅडम म्हणाल्या. मग रोशनीकडे वळल्या. "उद्यापासून बाक काढून टाकते. बाकीचे दोन आरसेही इकडेच लावून घेऊ. आणि हे बघा, लेखी परीक्षा तुम्हाला द्यावी लागेल. वर्षाच्या आत डिप्लोमा करायचा. त्यातून सुटका नाही."

"हो मॅडम."

"आणि ते प्रथमतः, तदनंतर कुणी शिकवलं तुम्हाला? ते विसरून जा. फार भयंकर होतं."

मी आरशात स्वतःचा अंबाडा निरखून पाहू लागले.

ऑफिसात हजेरीपटावर सही करायला रोशनीला नेलं. तिच्या बोटांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या, पेन धरायलाही दुखत असावं. सावकाश, एकेक अक्षर काढत तिनं पूर्ण नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून थांबली. देवरे मॅडमनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं, तसं बघून तिनं 'निदेशिका' असा शिकवणाऱ्या बाईंचा हुद्दा लिहिला. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

परत येताना रिक्षात तिनं आईला फोन लावला. पाड्यावर रेंज कमी, म्हणून तिची आई, मंगलाबाई, टेकाडावर येऊन मोठ्यानं बोलतात आणि मलाही सगळं ऐकू येतं.

"आई, मी मास्तरीण झाले. कायमची."

"मास्तरीण? कशाची?"

"केसांची."

"म्हंजी तू आता केस नाय कापायची?"

"पोरी कापतील. मी नुसतं सांगायचं."

मंगलाबाईंचा आवाज आधीपेक्षा बारीक झाला.

"बरं झालं पोरी. तुझं हात तरी भरून येतील."

रोशनीनं फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात उघडून, तळवे वर करून, पेठ नाका येईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत बसली.